डेनिसचे कपडे

ब्रिजेटनं पत्ते पिसावेत तशी कार्डं पिसली आणि एक माझ्या पुढ्यात उलटं टाकलं. ती आम्हाला लिहा-वाचायला शिकवते, आणि दर मंगळवारी असंच करते. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर, लहान मुलांच्या पुस्तकांच्या मागे आमचं टेबल असतं. आम्ही पाच जण, सगळे साठीच्या पुढचे आणि सगळे आयुष्यभर, काही वाचायची वेळ आली की, चष्मा घरी विसरून आलेले. कार्डावर एक क्रियापद असतं. ते मोठ्यानं वाचायचं, जाड शब्दकोशात शोधायचं, अर्थ सांगायचा आणि त्यावर स्वतःचं एक वाक्य लिहायचं. मी कार्ड सुलटं केलं. पहिली दोन अक्षरं ओळखीची होती. ती शब्दाच्या आधी लागली की काम उलटं होतं, बांधलेलं सुटतं, लावलेलं उघडतं, हे मागच्या महिन्यात शिकलो होतो. पुढचा तुकडा बोटानं दाबत दाबत वाचला. अनड्रेस. ग्लेनिस टाळी वाजवून म्हणाली, "बरं मिळालं की नेव्हिलला! मला मागच्या खेपेला नुसतं उकळणं आलं होतं. पण या वयात काढणार कुणासमोर, बाबा? आरशाला तरी दया येऊ दे." सगळे हसले, मीही हसलो. हा शब्द मला ऐकून माहीत होता, पण तो आमचा कधीच नव्हता. आमच्या घरात आई म्हणायची, काढ ते. खाणीवर म्हणायचे, चल, उघडा हो. अनड्रेस म्हणायचे ते फक्त डॉक्टर, तेही पडद्यामागून, तुमच्याकडे न बघता. त्यामुळे शब्द वाचताच मला स्पिरिटचा वास आला आणि पायांखाली थंड फरशी लागली.

शब्दकोशात अर्थ सरळ दिला होता. अंगावरचे कपडे काढणे. स्वतःचे, किंवा दुसऱ्याचे. ब्रिजेट म्हणाली, "दोन्हीला चालतो. माणूस स्वतः झोपायच्या आधी कपडे काढतो, आई बाळाचे काढते. आता तुमचं वाक्य लिहा, नेव्हिल. खरं लिहा, बनवू नका. खरं लिहिलं की शब्द डोक्यात राहतो." मी पेन्सिल धरली. अजून मी ती फावड्यासारखीच धरतो. खिडकीतून खाली ट्राम वळताना दिसत होती, तिच्या तारेवर पाणी साचून थेंब पडत होते. मी बराच वेळ तिकडे बघत होतो आणि हात आपला आपण लिहीत होता. लिहून झालं तेव्हा कागदावर होतं: मी माझ्या भावाचे कपडे काढले. एकही चूक नाही. ब्रिजेट माझ्या खांद्यावरून वाकली, वाचलं, आणि तिचा हात माझ्या खांद्यावर आला. "किती सुंदर," ती हळू म्हणाली. "आजारी आहेत का ते? तुम्ही करता त्यांचं?" मी मान हलवली. वर-खाली हलवली. ग्लेनिसनं तोंडावर हात धरला आणि म्हणाली, "आणि मी मेली चेष्टा करत बसले." तिनं आपल्या वाट्याचं बिस्कीट माझ्या बशीत ठेवलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस मी. ते बिस्कीट मी खाल्लं.

खाली रस्त्यावर आलो. माझा भाऊ डेनिस आजारी आहे हे खरं होतं. बाकी काही खरं नव्हतं. रविवारी दुपारी फोन वाजला होता आणि पलीकडून एक बाई म्हणाली, "नेव्हिलकाका?" मला काका म्हणणारं जगात कुणी असेल हे मी विसरलो होतो. ती जिलियन, डेनिसची मुलगी. मी तिला शेवटचं जवळून बघितलं तेव्हा ती सात वर्षांची होती आणि तिचे पुढचे दोन दात पडलेले होते. आवाज मात्र थेट माझ्या आईचा. ती म्हणाली, बाबांच्या छातीत आता काही उरलेलं नाही, सगळी खाणीची धूळच आहे. नळीतून हवा घेतात. ते एक असो. पण नऊ दिवस झाले, अंगावरचे कपडे काढू देत नाहीत. मला नाही, नर्सला नाही, कुणालाच नाही. कॉलर मुठीत धरून पडून राहतात. झोपेतही मूठ सुटत नाही. पाठीला जखमा झाल्या असणार, वास येतो. बुधवारी सकाळी गाडी येणार आहे, त्यांना दवाखान्यात नेतील, तिथं दोघं धरतील आणि कात्रीनं कापून काढतील. "माझ्या बाबांना असं धरून, काका..." ती थांबली. मग म्हणाली, "त्यांनी तुमचं नाव घेतलेलं नाही. खोटं सांगणार नाही. मीच विचारतेय. तुम्ही एके काळी रोज त्यांची पाठ घासायचात, असं आई सांगायची." मी म्हणालो, "बघतो." ती म्हणाली, "मंगळवारी या. बुधवारी उशीर झालेला असेल." मी पुन्हा म्हणालो, "बघतो." रिसीव्हर ठेवला आणि तसाच टेलिफोनशेजारी उभा राहिलो, जसं काही दारात कुणी पाहुणा उभा आहे आणि घरात पसारा आहे.

दोन दिवस मी बघतच होतो. आताही स्टँडवर उभा राहून मी बसच्या पाटीकडे बघत होतो. हॅगथॉर्प. आमचं गाव, डेनिस अजून तिथंच. लग्नापासून माझी बायको मार्जरी गेली तोपर्यंत ही पाटी मी अक्षरांनी नाही, आकारानं ओळखली. एक उंच शिडी आधी, म्हणजे एच, मग बारीकसारीक काही. आता ती वाचता येते, आणि वाचता येणारी गोष्ट न दिसल्यासारखी करता येत नाही, हे एक नवंच दुखणं या वयात लागलं आहे. बस आली, मी चढलो. चढलो ते जायचं ठरवून नाही. ब्रिजेटसमोर मान वर-खाली हलवली होती, ती हलवलेली मान खरी करायला काहीतरी करायला हवं होतं, एवढंच. शहर संपलं, मोठी गोदामं आली, जिथं मी खाण बंद झाल्यावर अकरा वर्षं पहारा केला, आणि मग चढण लागली. काचेवर माझं तोंड दिसत होतं आणि त्यातून शेतांच्या दगडी भिंती सरकत होत्या. वय झालं तशी मी डेनिससारखाच दिसायला लागलोय. दाढी करताना रोज सकाळी तो समोर येतो. मी फक्त गाल बघतो, डोळे बघत नाही.

खाणीवरच्या न्हाणीला दोन बाजू होत्या. एका बाजूला मळकी कपाटं, दुसऱ्या बाजूला स्वच्छ कपाटं, मध्ये फवारे. पाळी संपवून वर आलं की मळक्या बाजूला सगळं उतरवायचं, काळंकुट्ट उघडं अंग घेऊन पाण्याखाली जायचं आणि पलीकडे गुलाबी होऊन निघायचं. दोनशे माणसं, वाफ, साबणाचा वास, कुणी गातोय, कुणी शिव्या देतोय. तिथं लाज नव्हती. लाज घरी होती, मार्जरीसमोर मी दिवा घालवून कपडे बदलायचो. पण पाठ कुणाला आपली आपण घासता येत नाही, म्हणून प्रत्येकाचा एक जोडीदार ठरलेला असे. चौदा वर्षं डेनिसची पाठ मी घासली आणि माझी त्यानं. त्याच्या उजव्या खांद्याखाली कोळसा जखमेत राहून निळी रेघ झाली होती, माशासारखी. ती घासून जात नाही हे ठाऊक असून मी रोज तिथं जरा जोर लावायचो आणि तो रोज म्हणायचा, "गाढवा, ते कातडं आहे, भिंत नाही." आणि पाठ घासताना, फवाऱ्याच्या आवाजात, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, तो मला सांगायचा सूचनाफळ्यावर आज काय लावलंय ते. उद्यापासून पाळी बदलली. पाच नंबरच्या बोगद्यात जायचं नाही. तुझ्या नावाची चिठ्ठी आहे, ऑफिसात जा. मला वाचता येत नाही हे जगात तीन माणसांना माहीत होतं. आईला, मार्जरीला आणि डेनिसला. संघटनेच्या सभेत मी कागद हातात धरून दोनदा बोललो, टाळ्या घेतल्या. तो कागद आदल्या संध्याकाळी डेनिसनं मला वाचून दाखवलेला असे, आणि मी तो पाठ केलेला असे.

मग संप आला. वर्षभर. त्याच्याबद्दल खूप लोकांनी लिहून ठेवलं आहे आणि आता मी त्यातलं थोडं वाचूही शकतो. पण जे वाचतो त्यात थंडी येते, पोलीस येतात, बायकांनी चालवलेलं स्वयंपाकघर येतं. घरात बसलेला डेनिस येत नाही. संप मोडायला तीन आठवडे असताना एका सोमवारी पहाटे, संप फोडून कामावर जाणाऱ्यांना घेऊन, जाळ्या लावलेली बस फाटकातून आत गेली आणि तिच्या मागच्या सीटवर तो होता. का गेला ते त्यानं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. पॉलीन, त्याची बायको, तेव्हा दिवसचे दिवस अंथरुणावर पडून असायची, असं मार्जरी म्हणायची. मार्जरी म्हणाली, "जाऊन ये ना रे एकदा. तुझाच भाऊ आहे." मी म्हणालो, "बसमध्ये होता तो माझा भाऊ नव्हता." हे मी दारूच्या गुत्त्यातही म्हणालो आणि लोकांना ते इतकं आवडलं की मग मी ते रोज म्हणायला लागलो. फितुराचा सख्खा भाऊ होणं ही वाईट गोष्ट असते. तुमच्याकडे बघणाऱ्यांच्या डोळ्यांत एक प्रश्न असतो. मी त्या प्रश्नाला कोणी विचारायच्या आत उत्तर देत सुटलो होतो.

बस शाळेच्या वळणावर थांबली तेव्हा मला वाटलं इथंच उतरावं आणि परतीची धरावी. जिलियनला सांगता येईल, तब्येत बरी नव्हती. उतरलो नाही. डोळे मिटले, तर न्हाणी समोर आली, आणि ती यायला नको होती म्हणून पुन्हा उघडले.

मार्चमध्ये आम्ही सगळे बँड वाजवत कामावर परतलो. तिसऱ्या दिवशी खाली, सुरुंगाची वाट बघत बसलो होतो, तेव्हा तिघं माझ्याशेजारी येऊन बसले. एकानं बाटलीतला गार चहा दिला. म्हणाला, "नेव्हिल, तुझ्याकडे त्याच्या कपाटाच्या किल्ल्या असतात ना?" असत. दोन्ही. डेनिसनं पूर्वी एकदा किल्ली हरवली होती, तेव्हापासून जादाची जोडी माझ्या जुडग्यात होती. वर्षभराच्या संपात, बसमध्ये बसल्यावरही, त्यानं त्या परत मागितल्या नव्हत्या. मागितल्या असत्या तर मी त्याच्या तोंडावर फेकल्या असत्या आणि बरं झालं असतं. "नाहीत," एवढं म्हणायचं होतं. अंधारात कोण तपासणार होतं? मी दिव्याच्या उजेडात त्या जुडग्यातून काढल्या. कडी घट्ट होती, नख मोडलं. मी ते मोडलेलं नख चावून सरळ केलं आणि किल्ल्या दिल्या. मला वाटलं, बूट लपवतील. असं मी पुढं मार्जरीला सांगितलं. पण मला असं काहीच वाटलं नव्हतं. मला फक्त तो चहा बरा वाटला होता.

त्या दुपारी मी घाईनं न्हालो. पाठ कुणाला दिली ते आठवत नाही. अंग पुसून, कपडे घालून, केस विंचरून मी बाकावर बुटाची नाडी बांधत बसलो होतो. तेव्हा तो पाण्यातून आला. एकटा न्हाला होता, त्यामुळे पाठ तशीच काळी, मध्ये त्याच्याच बोटांच्या चार पांढऱ्या रेघा. त्यानं स्वच्छ कपाट उघडलं. रिकामं. टॉवेलही नाही. मग तो तसाच मळक्या बाजूला गेला, परत आला. तेही रिकामं. सगळं एव्हाना बॉयलरमध्ये गेलं होतं. न्हाणीत गाणं थांबलं होतं. नुसतं पाणी पडत होतं. तो ओळीच्या मध्ये उभा राहिला, दोन्ही हात पुढं धरून, आणि इतक्या माणसांत त्यानं फक्त मला विचारलं. ओरडून नाही, रोज विचारायचा तसंच. "नेव्हिल, माझे कपडे?" मी नाडीवरून मान वर न काढता म्हणालो, "तुझ्या साहेबाला विचार की. त्याचंच अंग झाकायला गेला होतास ना?"

हे मी म्हणालो. कुणी शिकवलं नव्हतं, आयत्या वेळी सुचलं. हशा असा फुटला की छताचे पत्रे वाजले. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. आणि त्या हशात मी वाट बघत होतो. कशाची ते मला तेव्हा नीट माहीत होतं, त्यामुळेच माझी बोटं नाडीवर गोठली होती. त्याला एकच वाक्य म्हणायचं होतं. याला सांगा फळ्यावरचं वाचून दाखवायला. दोनशे माणसं, आणि संघटनेचा हा वक्ता, हातात कागद धरून टाळ्या घेणारा. एका वाक्यात त्यानं मला तिथं सोलून काढलं असतं, आणि मग गावात मीही त्याच्याइतकाच उघडा फिरलो असतो. तो म्हणाला नाही. तोंड उघडलं, मिटलं, आणि दाराकडे चालायला लागला. बाहेर बर्फमिश्रित पाऊस होता. पटांगण, वजनकाटा, लॉऱ्या, मग फाटक. उपाहारगृहाच्या दारातून तिथं वाढणारी आयरीन धावत आली, अंगातला एप्रन सोडत, आणि तो त्याच्या कमरेला गुंडाळून वळली आणि आमच्याकडे बघून किंचाळली, "एकाला तरी आई आहे का रे तुमच्यात?" डेनिसला आणि मला होती, आणि एकच होती. आई त्यानंतर सहा वर्षं जगली आणि मला आत घेताना दार पूर्वीइतकंच उघडायची, पण चहा ओतताना माझ्याकडे बघायची नाही. तिच्या दफनाला डेनिस खड्ड्याच्या त्या बाजूला, मी या बाजूला.

हॅगथॉर्पला उतरलो तेव्हा साडेतीन झाले होते. जिलियननं मी दार वाजवायच्या आधीच उघडलं. एक्केचाळीस वर्षांची बाई, पण माझ्याकडे बघताना तिनं नकळत वरचा ओठ खाली ओढला, दात पडलेल्या पोरीसारखा. "आलात," ती म्हणाली, आणि मग आत बघून आवाज चढवला, "बाबा, कोण आलंय बघा!" आतून खरखरीत आवाज आला, "बूट वाजवत आलंय म्हणजे आपल्याच घरातलं गाढव." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अकरा दिवसांत पहिली चेष्टा," ती माझ्या कानाशी म्हणाली. "गरम पाणी तयार आहे. मी स्वयंपाकघरात बसते, रेडिओ लावून. हाक मारा." माझा कोट घ्यायला तिनं हात पुढं केला. मी दिला नाही. का कोण जाणे, बटणं आणखी वरपर्यंत लावली.

पलंग पुढच्या खोलीत, खिडकीशी आणलेला होता. वास होता. त्यावर तो होता, म्हणजे त्याचं जे उरलं होतं ते. मोठी हाडं, नाकात नळी, आणि अंगावर एकावर एक, पायजम्याचा सदरा, त्यावर लोकरीचा स्वेटर, त्यावर आणखी एक, गळ्यापर्यंत. कॉलरवर मूठ. मी पलंगापासून दोन पावलांवर थांबलो. काय म्हणायचं ते बसमध्ये ठरवायचं राहिलंच होतं.

"वास येतो ना?" तो म्हणाला.

"येतो."

"मला नाही येत. नाक कामातून गेलंय. एक तरी फायदा." त्यानं दम घेतला. नळी शिटीसारखी वाजली. "म्हातारा झालास."

"तुझ्यासारखा दिसायला लागलोय."

"मग वाईटच झालं." त्यानं मोकळ्या हातानं नाकातली नळी सरळ केली. "जिलीनं सांगितलं वाटतं, कात्री घेऊन येणार आहेत म्हणून."

"हो."

"आणि तू काय, किल्ली घेऊन आलास?"

मी म्हणालो, "डेनिस, मी तेव्हा..." आणि पुढं शब्दच नव्हता. ब्रिजेटच्या जाड पुस्तकात असेल, पण मी तिथपर्यंत पोचलेलो नव्हतो. मी पुढं होऊन हात लांब केला, स्वेटरच्या पहिल्या बटणाकडे. मूठ आणखी आवळली. त्याच्या बोटांची पेरं पांढरी झाली.

"थांब," तो म्हणाला. "आधी तू."

"काय?"

"काढ."

"कोट?"

"सगळं." रागानं नाही, पाळी सांगावी तसं म्हणाला. "टाय लावून, केस विंचरून माझ्यासमोर कुणी उभं राहिलेलं मला आता नको. नर्स तशीच येते, डॉक्टर तसाच येतो. एकदा तूही तसाच बसला होतास. मला बघायचाय तर उघडा होऊन बघ. नाहीतर जा, बस सव्वाचारला आहे."

खिडकीला जाळीचा पडदा होता आणि बाहेर अजून उजेड होता. समोरच्या घरातली बाई कचऱ्याचा डबा ओढत होती. मी कोट काढला. तो ठेवायला जागा नव्हती, मी जमिनीवर ठेवला. मफलर. टाय, जी मी मंगळवारी वर्गासाठी लावतो. स्वेटर डोक्यातून काढताना क्षणभर अंधार झाला आणि मला वाटलं, इथंच राहावं. शर्टाची बटणं निघेनात. त्यानं घाई केली नाही. बनियन. मग पट्टा, आणि मग बाकीचं, एका पायावर तोल सांभाळत, पलंगाची कड धरून, म्हाताऱ्या माणसाला करावी लागते तशी सगळी कसरत. पोट, त्यावरचा ऑपरेशनचा वण, खाली लोंबणारं सगळं, बारीक झालेल्या मांड्या. मार्जरीनंसुद्धा मला असं उजेडात पाहिलं नव्हतं. हात कुठं ठेवायचे ते कळेना. ते आपोआप पुढं आले, आणि पुढं आलेले बघून मला कळलं ते कुणाचे आहेत, आणि मी ते बाजूला घेतले. तो बघत होता. वरपासून खालपर्यंत, सावकाश, काही न वगळता. त्यात चेष्टा असती तर सोसलं असतं.

"मोजे," तो म्हणाला.

मी मोजे काढले. फरशी गार होती. तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि जिलियनचा आवाज आला, "पाणी आत आणू का?" आणि आम्ही दोघंही एकदम ओरडलो, "नको!" रेडिओचा आवाज घाईघाईनं मोठा झाला. त्याला खोकला आला, तो हसण्याचा होता की नुसताच ते सांगता येणार नाही. ओसरल्यावर त्यानं डोळे पुसले.

"असं समजू नकोस की झालं सगळं," तो म्हणाला. "मी काही माफबिफ केलेलं नाही."

"मी मागितलंही नाही अजून."

"मग थरथरतोयस कशाला?"

"थंडी आहे," मी म्हणालो.

"तेव्हाही होती," डेनिस म्हणाला, आणि कॉलरवरची मूठ सोडली.